आरोप काय आहे? सुनावणी कधी आहे?



या त्रैमासिकात आपण बहुतेक वेळा वसतिगृहातली मुले, आरोग्य शिबिरे, बचत गट आणि पाड्यांवरचे पाणी यांविषयी वाचता. या वेळी मी तुरुंगाविषयी लिहीत आहे. गेल्या काही वर्षांत आम्हा कार्यकर्त्यांच्या फेऱ्या शाळा-दवाखान्यांइतक्याच तालुका कोर्टाकडेही होऊ लागल्या आहेत. मंडळ्यांमध्ये हे सांगितले की एक प्रश्न हमखास येतो : "काहीतरी केलं असेल म्हणूनच आत गेला ना?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे द्यायला हवे.

उत्तर असे, की आत असलेल्या बहुतेकांनी काही केले आहे की नाही, हे अजून कोणी ठरवलेलेच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार कैदी होते. त्यांपैकी सुमारे 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतले तीन. ज्याचा खटला संपून शिक्षा झाली तो पक्का कैदी. ज्याचा खटला चालू आहे, किंवा अजून उभाच राहिलेला नाही, तो कच्चा. कायद्याच्या नजरेत कच्चा कैदी निर्दोष असतो. पण गज तेच, भिंत तीच आणि घरी वाट पाहणारी माणसेही तशीच.

कोठडीच्या दोन वाटा

कोणालाही अटक झाली की राज्यघटनेचा अनुच्छेद 22 तीन गोष्टींची हमी देतो. अटकेचे कारण लवकरात लवकर सांगितले पाहिजे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. पोलिसांनी पकडले त्याची चौकशी पोलिसांखेरीज दुसऱ्या कोणीतरी करावी, हा यामागचा विचार आहे.

पण त्याच अनुच्छेदात दुसरी एक वाट आहे, ती म्हणजे प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. 'एमपीडीएखाली स्थानबद्ध' अशी बातमी आपण वाचतो, ती याच वाटेची. येथे गुन्हा सिद्ध करायचा नसतो. हा माणूस पुढे काहीतरी करील, अशी अधिकाऱ्यांची खात्री झाली की पुरते. सल्लागार मंडळाच्या अनुकूल अहवालाशिवाय अशा माणसाला तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात कमाल मुदत 12 महिन्यांची आहे. कारणे कळवावी लागतात, पण जी वस्तुस्थिती उघड करणे लोकहिताला बाधक वाटेल, ती सरकार झाकून ठेवू शकते. ज्याला उत्तर द्यायचे आहे, त्यालाच प्रश्नाचा काही भाग दाखवला जात नाही.

पहिल्या वाटेवर कारणे सांगितली जातात, पण गंभीर कलम लागले तर खटला किती वर्षांत संपावा याला बंधन नाही. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायदा, ज्याला आपण यूएपीए म्हणतो, त्यात आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला 180 दिवसांपर्यंत वेळ मिळू शकतो. 2008 च्या दुरुस्तीनंतर त्यात जामिनाची अटही फार कठीण झाली. कागदपत्रे पाहून आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले, तर न्यायालयाने जामीन द्यायचा नाही. उलटतपासणी व्हायची असते खटल्यात आणि खटला लांब असतो. अशा रीतीने शिक्षा न होताच शिक्षेइतकी वर्षे जातात.

एका धर्मगुरूची गोष्ट

फादर स्टॅन स्वामी हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ते तामिळनाडूत 1937 मध्ये जन्मलेले येशूसंघी धर्मगुरू. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी झारखंडच्या आदिवासींमध्ये घालवला. रांचीजवळ नामकुम येथे 'बगईचा' हे केंद्र त्यांनी उभे केले. त्या केंद्राने झारखंडमधील कच्च्या कैद्यांचा अभ्यास केला. नक्षलवादी म्हणून पकडलेले किती आदिवासी तरुण खटल्याविना पडून आहेत, हा त्या अभ्यासाचा विषय होता. पुढे हाच प्रश्न घेऊन ते झारखंड उच्च न्यायालयात गेले.

8 ऑक्टोबर 2020 रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात यूएपीएखाली अटक केली. माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप होता. त्यांनी तो शेवटपर्यंत नाकारला. तेव्हा त्यांचे वय 83 होते आणि त्यांना कंपवात होता. त्यांना मुंबईला आणून तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. हात थरथरत असल्याने पेला धरता येत नव्हता, म्हणून नोव्हेंबरमध्ये त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने 20 दिवसांची मुदत मागून घेतली. मार्च 2021 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. मे महिन्यात व्हिडिओवरून उच्च न्यायालयापुढे बोलताना त्यांनी सांगितले, की तुरुंगात आल्यापासून आपली प्रकृती खालावत गेली आहे, आपल्याला दुसऱ्या सरकारी इस्पितळात जायचे नाही, रांचीला आपल्या माणसांत जायचे आहे. 28 मे रोजी त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात हलवण्याचा आदेश झाला. तेथे त्यांना कोरोना झाल्याचे आढळले. 5 जुलै 2021 रोजी त्यांच्या जामिनाची सुनावणी असतानाच, त्यांचे निधन झाल्याचे डॉक्टरांनी न्यायालयाला कळवले.

खटला सुरू झालाच नाही. डिसेंबर 2022 मध्ये बचाव पक्षासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील एका डिजिटल तपासणी संस्थेने अहवाल दिला, की त्यांच्या संगणकात फाइली बाहेरून घुसवल्या होत्या. हा अहवाल बरोबर की तपास यंत्रणेचे म्हणणे बरोबर, हे साक्षीदार तपासून ठरवण्यासाठीच खटला असतो. आरोपी आता नाही, म्हणून तो निवाडा कधीच होणार नाही. फादर स्टॅन दोषी होते की निर्दोष, याचा निकाल मी येथे देत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की नऊ महिन्यांच्या कोठडीत त्या निकालाकडे जाणारे पाऊलच पडले नाही. ज्या कच्च्या कैद्यांसाठी ते झटले, त्यांच्याच रांगेत ते गेले.

पाड्यावरून कोर्टापर्यंत

फादर स्टॅन यांच्यामागे वकील होते, संघटना होती, वर्तमानपत्रे होती. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसामागे काय असते?

एका बाईंची हकीगत सांगते. त्यांचा मुलगा चोरीच्या प्रकरणात जिल्ह्याच्या तुरुंगात होता. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्याला चौदा महिने झाले होते. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांनी सगळे कागद नीट घडी करून ठेवले होते. त्यांना फक्त पावरी येते. मी कागद चाळले तेव्हा त्यांत जामिनाचा आदेश सापडला, अकरा महिन्यांपूर्वीचा. न्यायालयाने मुलाला कधीच जामीन दिला होता. 15 हजार रुपयांचा जामीनदार हजर करायचा होता, एवढेच. हे त्या आईला कोणी सांगितले नव्हते. मुलालाही कागदाचा अर्थ कळला नव्हता.

यात कोणाचा दुष्टपणा शोधायला जाऊ नका. यंत्रणा अशीच चालते. जामीनदाराकडे सातबारा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्याच्या वनहक्काचा दावा अजून फायलीत असतो, मग सातबारा आणायचा कोणाचा? तारखेला कैद्याला कोर्टात न्यायला पोलीस बंदोबस्त नसतो, की पुढची तारीख पडते. कोर्ट साठ किलोमीटरवर आणि एसटी दिवसातून एकदा, म्हणून घरचे येत नाहीत. कोणी येत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. आणि कोणी विचारत नाही, म्हणून फाइल हलत नाही. यात दोन बाजूंचे नुकसान होते. ज्याच्या घरी चोरी झाली, त्यालाही न्याय मिळत नाही. खटला रखडला की खरा चोरही सापडत नाही.

भाषेच्या प्रश्नावर तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच निर्णय दिला आहे आणि तो आपल्या राज्यातला आहे. 1962 च्या 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात स्थानबद्ध माणसाला कारणे इंग्रजीत दिली होती. त्याने हिंदी भाषांतर मागितले, ते नाकारले गेले. न्यायालयाने स्थानबद्धता रद्द केली. कारणे कळवणे म्हणजे त्या माणसाला समजेल अशा भाषेत कळवणे, हा त्याचा अर्थ. पावरी किंवा वारली बोलणाऱ्या तरुणाला हा निर्णय लागू होतो. फक्त त्याच्या वतीने ते कोणीतरी म्हणावे लागते.

गुप्तता कोठवर?

सरकारला काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हे मला मान्य आहे. सीमेवरील हालचाली, साक्षीदाराची ओळख, चालू तपासातील धागेदोरे चव्हाट्यावर मांडता येत नाहीत. पण माणूस कोठे आहे, कोणत्या कायद्याखाली आहे, त्याच्यावर काय आरोप आहे आणि त्याला न्यायाधीशांपुढे कधी नेणार, या गोष्टी गुपित झाल्या की काय होते ते आपल्या देशाने पाहिले आहे.

25 जून 1975 रोजी आणीबाणी जाहीर झाली. 'मिसा' कायद्यात बदल करून स्थानबद्धांना कारणे सांगण्याची गरजच काढून टाकण्यात आली. येरवड्याचा तुरुंग अशा बंदींनी भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारले, की उद्या एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर दाद कोठे मागायची? आणीबाणी आहे तोवर दाद नाही, असे उत्तर मिळाले. 28 एप्रिल 1976 च्या निकालात चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. खन्ना एकटे विरोधात राहिले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद गेले. पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो 1976 चा निकाल चुकीचा ठरवला. एका माणसाच्या प्रश्नाला 41 वर्षांनी उत्तर मिळाले.

त्याच काळात, डिसेंबर 1975 मध्ये, कराडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीवर उघड टीका केली. स्थानबद्धतेतून गंभीर आजारी अवस्थेत सुटलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी त्यांनी जाहीर प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. आपण ख्रिस्ती लोक प्रार्थना ही चार भिंतींतली गोष्ट समजतो. कैद्याचे नाव मोठ्याने घेऊन केलेली प्रार्थना सत्तेला ऐकू जाते, हे दुर्गाबाईंनी दाखवले.

गुप्ततेचे आजचे रूप म्हणजे सीलबंद लिफाफा. सरकार आपली बाजू बंद पाकिटात न्यायाधीशांना देते आणि समोरच्या पक्षाला ती दिसत नाही. एप्रिल 2023 मध्ये एका मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. राष्ट्रीय सुरक्षेचे नुसते नाव घेऊन नागरिकाचे हक्क नाकारता येत नाहीत, असे सांगितले.

विचारल्याने फरक पडतो

1979 च्या जानेवारीत 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये बिहारच्या तुरुंगांवर लेख आले. लिहिणारे होते के. एफ. रुस्तुमजी, आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले आणि सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. आयुष्यभर पोलीस खात्यात राहिलेल्या या माणसाने पाहिले, की काही कच्चे कैदी त्यांच्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत आहेत. लेख वाचून कपिला हिंगोराणी या वकील सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 'हुसैनारा खातून' प्रकरणातून कैद्यांच्या सुटकेचे आदेश निघाले. लवकर खटला चालणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. एकाने पाहिले, एकीने वाचले आणि विचारले. सुरुवात एवढ्यावरच झाली.

पौल काय म्हणतो?

काही बंधू मला रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय दाखवतात : अधिकाऱ्यांच्या अधीन असावे. हे वचन मी मानते. पण ते लिहिणारा पौल स्वतः कसा वागला, तेही प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात लिहिलेले आहे. फिलिप्पै येथे त्याला चौकशीविना फटके मारून कोंडले आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले. पौल गुपचूप जायला तयार झाला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले (16:37). यरुशलेमेत शताधिपती त्याला फटके मारायला निघाला, तेव्हा दोषी ठरवल्याशिवाय रोमी नागरिकाला मारणे कायद्यात बसते काय, असे त्याने विचारले (22:25). प्रश्न ऐकताच मारणारे दूर झाले.

पुढे फेलिक्स सुभेदाराने त्याला दोन वर्षे निकालाविना कैदेत ठेवले. पैसे मिळतील ही आशा होती आणि जाताना लोकांची मर्जी राखायची होती (24:26-27). त्याच्या जागी आलेला फेस्त मूर्तिपूजक रोमी अधिकारी. पण त्यालाही कळले, की कैद्याला पुढे पाठवायचे आणि त्याच्यावरचे आरोप कळवायचे नाहीत, हे समंजसपणाचे नाही (25:27). कारण नसलेली कैद अयोग्य आहे हे समजायला फेस्ताला शास्त्रवचन लागले नाही. आपल्याकडे तर वचनही आहे आणि राज्यघटनाही.

तेव्हा अधीन राहणे आणि विचारणे यांत विरोध नाही. कायद्याला मान देणारा माणूसच कायदा पाळला जातो आहे ना, हे विचारू शकतो.

आपण काय करू शकतो

आपण न्यायाधीश नाही. कोण दोषी, कोण निर्दोष हे आपल्याला ठरवायचे नाही. पण पुढील गोष्टी कोणत्याही मंडळीला जमण्यासारख्या आहेत.

1. मोफत वकील. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. 15100 या क्रमांकावरही मदत मिळते.

2. तारखेवर लक्ष. ई-कोर्ट्स या सरकारी ॲपवर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि आधीचे आदेश दिसतात. मंडळीतील तरुणांनी पाच-पाच कुटुंबांच्या तारखा पाहून त्यांना फोन केला, तरी मोठी सेवा होईल. त्या आईचे अकरा महिने यानेच वाचले असते.

3. जामीन मिळूनही आत असलेले. जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे, जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. वकिलाला याची आठवण करून द्या.

4. कमाल कोठडी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ काढला, की सुटकेचा विचार व्हावा लागतो. तसा अर्ज न्यायालयाकडे करणे हे तुरुंग अधीक्षकांचे कर्तव्य आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना हे लागू नाही.

5. माहितीचा अधिकार. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी, असे 2005 च्या कायद्याचे कलम 7(1) सांगते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा. ज्या गुप्तचर व सुरक्षा संस्थांना या कायद्यातून सूट आहे, त्यांच्याकडूनही मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांविषयीची माहिती मागता येते.

हे सारे सभ्य भाषेत, लेखी आणि पोच घेऊन करावे. पोलीस ठाण्यात व तुरुंगात काम करणारी माणसेही कामाच्या ओझ्याखाली असतात. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला अनेक अधिकारी चांगले उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

त्या बाईंच्या मुलासाठी जामीनदाराची अट कमी करण्याचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी केला आणि तो जातमुचलक्यावर सुटला. खटला अजून चालू आहे. तो तारखेला हजर राहतो.

प्रार्थनेसाठी विषय

• ज्यांना भेटायला कोणी येत नाही अशा कच्च्या कैद्यांसाठी आणि त्यांच्या पाड्यांवरील कुटुंबांसाठी.

• न्यायाधीश, पोलीस, तुरुंग कर्मचारी आणि मोफत काम करणाऱ्या वकिलांसाठी.

• गुन्ह्यांमुळे ज्यांचे नुकसान झाले आणि ज्यांना निकालाची वाट पाहावी लागत आहे, त्यांच्यासाठी.

• आपल्या मंडळीतून दोन माणसे महिन्यातून एकदा तालुका कोर्टात जायला तयार व्हावीत यासाठी. तयार असाल तर आपल्या पाळकांकडे नाव द्या. कागद कसे वाचायचे ते आम्ही शिकवू.